गाडीचा अनुशेष

नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या एका काकांकडे नवी कोरी एसयूव्ही आली, त्याला वर्ष होत आलं. पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढेही वाटून झाले. तरी गाडी अजून पुरती आलेली नाही. कॅमेरा आहे, रडार आहे. लेन धरून चालण्याची सोय तेवढी ‘पुढच्या अपडेटमध्ये’ हवेतून उतरणार आहे. पैसे मात्र काकांकडून एकाच हप्त्यात उतरवून घेतले गेले.

तेव्हापासून घरातला वायफायचा राउटर पोर्चकडच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला आहे. जेवण झालं की काका गाडीत बसून पडद्यावर बोट फिरवतात. आपलं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे, असं गाडी नम्रपणे कळवते. मध्यंतरी एक अपडेट खरंच आलं. अर्धा तास गाडीला हात लावायचा नव्हता. मग पाहिलं, तर घड्याळाचा आकडा मोठा झाला होता.

“काय काका, आलं का अपडेट?” शेजारचा पोरगा विचारतो.

“येऊन राह्यलं ना बाबू!”

नागपूरकरांना ही भाषा नवी नाही. 1953 साली विदर्भाला आश्वासनं देणारा नागपूर करार झाला, 1984 मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजून दिला आणि तेव्हापासून विदर्भ अपडेटची वाटच पाहतो आहे. आता प्रत्येकाच्या पोर्चमध्ये स्वतंत्र अनुशेष उभा राहिला, एवढीच काय ती प्रगती.

काकांनी मन लहान करू नये. अमेरिकेतले लोक त्यांच्या कितीतरी आधीपासून रांगेत आहेत. ऑक्टोबर 2016 मध्ये टेस्लाने जाहीर केलं, की यापुढच्या प्रत्येक गाडीत स्वतः चालण्यासाठी लागणारं सगळं यंत्र बसवलेलं असेल. 2017 संपण्याआधी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत गाडी आपली आपण जाईल, असंही इलॉन मस्क म्हणाले होते. ती सफर काही त्या मुदतीत झाली नाही. स्वतः चालण्याच्या पॅकेजची किंमत तेवढी 2022 मध्ये 15 हजार डॉलरपर्यंत जाऊन आली. जानेवारी 2025 मध्ये मस्क यांनी मान्य केलं, की पैसे भरून बसलेल्यांच्या जुन्या गाड्यांतला संगणकच बदलावा लागेल.

त्याच वर्षी 15 जुलैला टेस्लाचं शोरूम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. मॉडेल वाय 59.89 लाखांपासून, आणि स्वतः चालण्याच्या पॅकेजचे 6 लाख वेगळे. ते पॅकेज भारतात चालू व्हायचं होतं, पण पैसे आधी घ्यायला कोणत्याही अपडेटची गरज नव्हती. त्यात डिसेंबर 2023 मध्येच नागपूरच्या आयआयएममध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी सांगून बसले होते, की चालकाविना चालणारी गाडी आपण भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील.

गंमत अशी, की काका ज्याची वाट पाहतात, त्याचा धाकटा भाऊ नागपुरात आधीच येऊन गेला, तोही शहर बसमध्ये. सप्टेंबर 2021 मध्ये इंटेल, ट्रिपल आयटी हैदराबाद, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि महापालिकेने मिळून ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू केला. समोर धडकण्याचा धोका दिसला की बसमधलं यंत्र ड्रायव्हरला सावध करतं. स्टिअरिंगला ते हात लावत नाही. बसचा प्रवासी तिकीट काढून ज्या तंत्राचा लाभ घेतो, त्याच्या पुढच्या पायरीसाठी काका पैसे भरून बसलेत.

आणि समजा, उद्या अपडेट आलंच. लेन धरायला आधी कॅमेऱ्याला रस्त्यावर पट्टे दिसावे लागतात. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ते दिसतात. इतवारीच्या बाजारात शिरल्यावर पट्ट्यांच्या जागी हातगाडी, ई-रिक्षा आणि राँग साइडने येणारे भाऊ दिसतात. गाडी ब्रेक मारेल, मागचा हॉर्न मारेल, आणि काका स्वतःच ते फीचर बंद करतील.

तेव्हा दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांनी एवढं करावं: टेस्ट ड्राइव्हमध्ये जे चालून दाखवलं, त्याचेच पैसे द्यावेत. ‘येणार आहे’ म्हटलं, की तारीख कोटेशनवर सही-शिक्क्यानिशी लिहून मागावी. लिहून देत नसतील तर तेवढी रक्कम कापून घ्यावी. सहाय्यक यंत्रणा चालू झाली, तरी ती लेव्हल 2 चीच असते. हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर काकांनाच ठेवावी लागेल.