अमावास्येचा पाहुणा

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला येणारे पुष्कळ. चांदणं बघतात, खांदेरीकडे पाठ करून सेल्फी काढतात, जातात. अमावास्या गाठून येतो तो फक्त आकाशाचे फोटो काढणारा. हा प्राणी ठाणे-डोंबिवलीकडचा, आयटीतला आणि वांगणीच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन बिघडलेला असतो. गाडीतून आधी तिपाई उतरते, मग ट्रॅकर, बॅटऱ्या, कॅमेरा. आणि शेवटी, मांडीवरची लेन्सची पेटी सांभाळत, बायको.

आल्या आल्या वर बघून तो म्हणतो, "माड जरा जास्तच आहेत." त्याला ध्रुव हवा असतो. ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे रोखला, तरच पृथ्वी फिरते त्याची भरपाई होते. नाहीतर १३५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन-तीन सेकंदांतच तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबतो. आता थळहून ध्रुव क्षितिजाच्या वर जेमतेम १९ अंश, आणि उत्तरेला मुंबई. जिच्या झगमगाटातून पळून आला, तिच्याकडेच तोंड करून बिचाऱ्याला गुडघे टेकावे लागतात. त्यात वाळूत तिपाई रुतते, की पुन्हा पहिल्यापासून.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली, आपण त्याच परंपरेतले, असं तो सांगतो. त्या शास्त्रज्ञांना शेजारच्या नाखव्याच्या पडवीतला बल्ब बंद करायला विनवण्या कराव्या लागल्या नसाव्यात. नाखवा भला माणूस, बल्ब घालवतो. पण अमावास्येची रात्र, कपाळावर लाल दिवा (पांढऱ्याने डोळे दिपतात), ओणवं बसून आकडे पुटपुटणं... नाखव्याच्या आईने दुसऱ्या सकाळीच दाराला लिंबू-मिरची बांधली.

त्या रात्री नाखवा मात्र कुतूहलाने आला. याने अभिमानाने कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. मधोमध करडा पुसट ठिपका. ही देवयानी दीर्घिका, हा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय! नाखव्याने नीट निरखलं. "साहेब, काच पुसा आधी. डाग राहिलाय."

काच खरोखरच पुसायला हवी होती. समुद्राकाठी मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतंच. मग तिला गरम पट्टा गुंडाळला गेला, त्याची वायर पॉवर बँकेला. बायकोला शाल मिळाली नाही; ती बॅटरीभोवती होती.

मिनिटा-मिनिटाचे शेकडो फोटो काढून झाल्यावर त्याने लेन्सला झाकण लावलं आणि पुन्हा फोटो काढू लागला.

"आता कसले?"

"अंधाराचे."

सेन्सर तापून स्वतःच ठिपके पाडतो, ते नंतर वजा करायला हे लागतात. शास्त्र बरोबर आहे. पण तेवढ्यासाठी डोंबिवलीहून यायची गरज नव्हती, हे बायकोने ऐकू जाईल इतपत हळू म्हटलं.

एवढ्या रात्रीत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी आकाश कितीसं पाहिलं? माझ्या देखत तरी नाही. नजर सतत पडद्यावर. वर बघितलंच तर ढग आला का, विमान आलं का, एवढ्यापुरतं.

त्याचं खरं दुःख वेगळंच. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेलं, आणि ते धुऊन निघाल्यावर जी झकास अमावास्या येते, ती नेमकी लक्ष्मीपूजनाची! दारोदार आकाशकंदील, वर फटाक्यांचा धूर. कंदील लावला म्हणून चिडणारा एवढा एकच मराठी माणूस मी पाहिलाय.

पुढे लॅपटॉपवर सगळे फोटो एकावर एक रचून, ताणून, त्याने देवयानी खरोखर काढली. सर्पिल फाटे, निळसर कडा, सुंदरच. घरच्या ग्रुपवर टाकली. मावशीने विचारलं, "गुगलवरून घेतलास का रे?"

खचला नाही. मार्गशीर्ष अमावास्येसाठी मला खोली राखायला सांगितली आणि नाखव्याला फोन करून बल्बची आगाऊ विनंती केली. नाखवा म्हणाला, "काळजी नको साहेब, तो काढूनच टाकला. नवीन बसवलाय. माणूस नुसता हलला तरी आपोआप पेटतो."