मनोरा दिसलाच नाही, साहेब!

इमारतीची एक वीटही रचली नसताना ती कुठून किती दिसेल, हे हल्ली संगणक सांगतो. जमिनीच्या चढउतारांचा नकाशा आणि इमारतीची उंची त्याला द्यायची, बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर धरायचे. मग तो ठिकठिकाणाहून दृष्टिरेषा ताणतो आणि जिथून इमारत दिसेल तेवढा नकाशा रंगवून देतो. पृथ्वीची गोलाईसुद्धा सोडत नाही. दहा किलोमीटरवर तिच्यापायी सुमारे सात मीटर उंची गडप होते. बिल्डर मंडळींना ही सवलत फारच तुटपुंजी वाटते.

एवढं शास्त्र हाताशी असलेल्या लंडनची गोष्ट ऐका. रिचमंड पार्कातल्या किंग हेन्रीज माउंड या टेकाडावरून सोळा किलोमीटरवरच्या सेंट पॉल्स कथीड्रलचा घुमट दिसतो. त्यासाठी झाडीत फट राखली आहे, दुर्बीण बसवली आहे, नियोजनाच्या नियमांत या दृश्याला संरक्षण आहे. (1536 साली राणी अ‍ॅन बोलिनच्या शिरच्छेदाची खूण आठव्या हेन्रीने इथूनच पाहिली, अशी दंतकथा आहे. राजेसाहेब त्या संध्याकाळी होते विल्टशायरमध्ये.)

2016 च्या अखेरीस इथे फिरायला येणाऱ्यांना घुमटामागून कुणीतरी डोकावताना दिसलं. लंडनमधल्याच स्ट्रॅटफर्ड भागातला 42 मजली मनोरा! रीतसर परवानगी घेऊन, चांगला उंच झालेला. घुमटाच्या पुढे आला असता तर बोंब झाली असती. हा मागे, तोही कित्येक किलोमीटर. पाठीमागच्यांना कोण विचारतो? बोंब झाली, पण उशिरा. काम पुरं झालं, आता तिथे हॉटेल आहे.

यात संगणकाचा काय दोष? तो विचाराल तेवढंच सांगतो. डोळे कुठे ठेवायचे हे सल्लागार ठरवतो आणि सल्लागाराचं बिल इमारत बांधणारा भागवतो. त्यामुळे अहवालातल्या चित्रांत झाडं बारमाही हिरवीगार, आकाश नेमकं काचेच्या रंगाचं, आणि कॅमेरा असा ठेवलेला की नियोजित बुरूज एखाद्या वडाआड लाजून उभा. खाली शेरा : ‘दृश्य परिणाम किरकोळ’.

मुंबईत आपण वैमानिकाच्या नजरेची काळजी घेतली आहे. विमानतळाभोवती किती उंच जायचं, याचे रंगीत नकाशे विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत. जमिनीवरच्या माणसाचं काय? त्याला समुद्र दिसतो म्हणून जास्त पैसे घेऊन फ्लॅट विकतात. समोरच्या प्लॉटवरही तोच समुद्र विकायला निघणार आहे, हे जाहिरातीत छापत नाहीत.

तेव्हा तुमच्या भागातल्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर जा. गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रं बाजूला सारा आणि एवढंच म्हणा : साहेब, हाच फोटो माझ्या गॅलरीतून काढून दाखवा.