शब्द टाकणारे

नाशिकमध्ये काम अडलं की लोक अर्जाआधी एकच गोष्ट विचारतात, "तिथं आपलं कोण आहे?" मग एखादे भाऊ निघतात. भाऊंना ना पद, ना पाटी. ते निवडणुकीला उभे राहत नाहीत. इतरांना उभं करतात, आणि वेळ आली की बसवतातही.

मंडळी याला आजकालची घसरण म्हणतात. मी गंगापूर रोडला राहतो, मला तसं म्हणवत नाही. 'रिमोट कंट्रोल'ची चर्चा महाराष्ट्रात १९९५ ला रंगली. आमच्या रस्त्यावर तो अठराव्या शतकातच येऊन गेला. माधवराव पेशवे मामांचा दंड माफ करेनात, म्हणून मातोश्री गोपिकाबाई रुसून गंगापूरला आल्या असं सांगतात. रुसवा टिकला, सल्ला थांबला नाही. नातू सवाई माधवरावानं कधी उठावं, कसं वागावं याच्या कलमवार सूचना त्यांनी पत्रानं धाडल्या. नातू तसा जन्मापासूनच नोकरीत होता. १७७४ मध्ये चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. पाळण्यात पेशवे, कारभार बारभाईंचा.

त्याच रस्त्यावर अलीकडं आनंदवल्ली. राघोबादादांनी अख्ख्या गावाला बायकोचं, आनंदीबाईंचं नाव दिलं. हल्लीचे पुढारी चौकावर भागवतात. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि हुकमातला 'ध'चा 'मा' आनंदीबाईंच्या नावे लागला. तो कागद कुणी दाखवलेला नाही, पण बाई अडीचशे वर्षं आरोपी आहेत. पडद्यामागं राहण्याचा हा हिशेब मोठा गमतीचा: न केलेलंही खात्यावर जमा होतं.

आनंदीबाईंच्या खात्यात बदनामी जमली, भाऊंच्या खात्यात पुण्य. आमच्या सोसायटीसमोरची पाइपलाइन फुटली तेव्हा भाऊंनी "शब्द टाकतो" म्हटलं. सोमवारी दुरुस्ती झाली. ती सोमवारीच होणार, हे आदल्या आठवड्यात पेपरात छापून आलं होतं. तरी शाल-नारळ भाऊंना. मी हळूच विचारलं, "भाऊ, फोन केला होता का?" ते हसून म्हणाले, "पाणी आलं ना, सर?"

भाऊंशी कानात बोलताना मला लोकांनी पाहिलं, आणि माझाही भाव वधारला. शेजारच्या काकांनी नातवाच्या कॉलेज प्रवेशासाठी शब्द टाकायला सांगितलं. मी मान डोलावून "बघतो" म्हणालो आणि झोपायला गेलो. यादीत पोराचं नाव आलं, पेढे आमच्याकडं आले. पोराला ९४ टक्के होते. पेढे चांगले होते, काकूंना सांगितलं, "पुढच्या वर्षी धाकटीचंही बघू."