असलीकाका

सुलतान बाजारात सुई घ्यायला आलेली बाई साडी घेऊन जाते आणि तिच्याबरोबर आलेला नवरा चप्पल हरवून जातो. या गर्दीतून बडी चावडीकडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत एक दुमजली घर लागतं. तिथं असलीकाका राहतात. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या पासबुकात आहे, पण गल्लीत ते कुणाच्या कामाला येत नाही.

काकांच्या मुलखाच्या सीमा पक्क्या आहेत. एका टोकाला कोठी, दुसऱ्या टोकाला पुतलीबावली. ट्रूप बाजार बल्ब आणण्यापुरता. आबिड्स म्हणजे घरचीच पडवी, रविवारी फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायला. बेगम बाजार परगावात मोडतो, तिकडे निघताना काका पाण्याची बाटली घेतात. आणि सिकंदराबादचं तर नावच काढू नका. दूध नासलं की ते सिकंदराबादहून आलेलं असतं. पंखा घुरघुरला की मिस्त्री तिकडचा. चाळीस वर्षांपूर्वी थोरल्या साडूंनी सिकंदराबादेत घर बांधलं आणि वास्तुशांतीला काकांना दुसऱ्या पंगतीत बसवलं, एवढंच यामागचं राजकारण आहे.

2020 च्या फेब्रुवारीत सुलतान बाजारचं मेट्रो स्टेशन सुरू झालं. बाजारातून मेट्रो नको म्हणून व्यापारी कैक वर्षं भांडले. काकांचं स्वतःचं दुकान नाही, पण ते भांडणाला हजर. स्टेशन झाल्यावर मात्र म्हणाले, "बरं झालं. लोकांना इकडं यायची सोय झाली." स्वतः ते आजवर एकदाही त्या गाडीत चढलेले नाहीत. इथून जायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न.

काकांचा सिद्धांत एका ओळीचा आहे. जे सुलतान बाजारात मिळतं ते असली. जे मिळत नाही ते कुणीतरी मागाहून घुसडलेलं. हा सिद्धांत साबण, छत्री आणि होमिओपॅथीची औषधं यांच्यावर तावून सुलाखून निघाला होता. इटलीवर त्याचा प्रयोग व्हायचा राहिला होता, तो गेल्या डिसेंबरात झाला.

नात आली. ती हायटेक सिटीत नोकरीला, राहायला कोंडापूरला, म्हणजे काकांच्या भाषेत "तिकडच्या हैदराबादेत". वाढदिवस आठवड्यावर आलेला. काय करू तुला, असं काकूंनी विचारलं. ती म्हणाली, मला लझानिया खायचाय, तुम्ही दोघं चला, आपण हॉटेलात जाऊ.

"नक्को," काका म्हणाले. (हैदराबादी माणूस दिवसातून पन्नास वेळा वापरतो तो हा शब्द दखनीनं मराठीकडून घेतला, असं जाणकार सांगतात. काका सांगतात, सुलतान बाजाराकडून घेतला.) "हॉटेलातलं नक्को. घरी करू. असली करू. सुलतान बाजारात काय मिळत नाही, सांग की!"

काकूंना "लसण्या" ऐकू आलं. त्यांनी लसणाचे दोन गड्डे काढून सोलायला घेतले.

नातीनं फोनवर चित्र दाखवलं. मैद्याच्या पट्ट्या, त्यावर खिम्याचा रस्सा, त्यावर पांढरी पेज, त्यावर चीज, पुन्हा पट्ट्या, असे थरावर थर देऊन भट्टीत भाजायचं. काकूंनी चष्मा वर करून पाहिलं. "म्हणजे खिम्याच्या चकोल्या." वरणात कणकेचे तुकडे सोडून शिजवलेल्या चकोल्यांना कुणी वरणफळंही म्हणतं. काकूंचं निदान बरोबर होतं, पण ते नोंदवून घ्यायला त्या घरात कुणी मोकळं नव्हतं.

काकांकडे पुस्तक होतं. आबिड्सच्या फुटपाथवर तीस रुपयांना घेतलेलं इटालियन पाककृतींचं इंग्रजी पुस्तक. कव्हर नाही, पहिली अठरा पानं नाहीत, त्यामुळे लेखक कोण ते कळत नाही आणि काका त्याच्या नावावर काहीही खपवू शकतात. ज्ञानाच्या बाबतीत त्यांचा दावा मोठा आहे. 1931 साली हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. त्या मांडवात काकांच्या वडिलांनी पाण्याचे तांबे फिरवले. तेव्हापासून ज्ञान आमच्या घरात झिरपलेलं आहे, असं काका म्हणतात. मला वाटतं पाणीच झिरपलं असावं.

खरेदीला पिशवी धरायला मी होतो.

सेलरी हवी होती. बडी चावडीच्या भाजीवालीनं मान हलवली. काकांनी कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या. "पानं चटणीला. काड्या म्हणजे सेलरी." ओरेगानोच्या जागी ओवा आला. "नाव नीट म्हणून बघ. ओ... रेगानो. ओ... वा. सुरुवात आपलीच आहे, पुढचं त्यांनी लावलं." वाईनचा प्रश्न अवघड होता, कारण घरात काकू आहेत आणि काकूंच्या देवघराला खिडकी आहे. फळांच्या गाडीसमोर काका थोडा वेळ थांबले आणि पाव किलो द्राक्षं घेतली. "वाईन म्हणजे काय रे? द्राक्षंच. फक्त वेळ काढलेली."

खाटकाकडे मात्र काका तडजोड करत नाहीत. रानाचं मटण, अर्धा किलो, यंत्रातून नाही, सुऱ्यानं हातखिमा. खाटीक सुरा चालवत होता तोवर काकांनी त्याला बोलोन्या शहराची हकीकत ऐकवली. तिथल्या लोकांनी 1982 साली खिम्याच्या रश्श्याची कृती रीतसर व्यापार मंडळात नोंदवून ठेवलीय. त्याच्या दहा वर्षं आधी शेवईची रुंदी किती असावी यावर वाद नको म्हणून सोन्याची शेवई घडवून तिथंच ठेवली, शिजल्यावर आठ मिलिमीटर. हे सगळं नातीनं आदल्या रात्री फोनवर वाचून दाखवलेलं. बाजारात येईपर्यंत ते काकांचं झालं होतं. घरी काकूंनी विचारलं होतं, "किती तोळ्याची?" खाटकानं विचारलं, "घडणावळ कितना?"

आता टमाटे. इथं आजोबा-नातीचं जुंपलं. बिर्याणीत टमाटा घालणारा आणि बटाटा घालणारा, या दोघांना काका एकाच कोठडीत टाकतील. मटणाला टमाटा लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. "असली लझानियात टमाटा नव्हताच." नातीनं त्वेषानं फोन उघडला आणि तिचा चेहरा पडला. चौदाव्या शतकातल्या नेपल्सच्या हस्तलिखितात लझानिया आहे, पण टमाटा नाही. कसा असेल? तो अमेरिकेतून युरोपात यायलाच अजून दोनशे वर्षं होती. त्या हस्तलिखितात आहेत ते पट्ट्यांचे थर, मध्ये किसलेलं चीज आणि मसाल्याची पूड.

"मसाला!" काका खुर्चीतून उठले. त्यांनी शहाजिऱ्याचा डबा काढला.

ही काकांची खरी ताकद. ते थापा मारतात आणि थापा मागाहून खऱ्या निघतात. अशा माणसाशी वाद घालणं फार वाईट. निव्वळ खोटं बोलणारा परवडला.

शेवटी वाढदिवस नातीचा, म्हणून चार टमाटे गेले. पण काकांनी ते स्वतः टाकले नाहीत. माझ्याकडून टाकवले आणि तेवढा वेळ रस्त्याकडे पाहत राहिले.

खिमा गच्चीवर शिजला. घरात काकूंचं सोवळं, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून गच्चीवर निराळी शेगडी आहे, आणि बुडाला लाल रंगाचा ठिपका मारलेलं निराळं पातेलं. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा. कांदा, गाजर आणि काड्या लोण्यात परतल्या, खिमा कोरडा होईपर्यंत हलवला, द्राक्षं चुरडून रस घातला, मंद आचेवर दोन तास. त्यात दूध घालायचं हे ऐकून काकू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थबकल्या. "मटणात दूध? विरुद्ध आहार आहे तो." नातीनं सांगितलं, बोलोन्याच्या नोंदवलेल्या कृतीतसुद्धा दूध आहे. "असू दे," काकू म्हणाल्या. "त्यांना कुणी सांगितलं नसेल."

पट्ट्यांचं पाकीट सुलतान बाजारात मिळालं नाही. नात म्हणाली, दहा मिनिटांत मागवते. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं फोन उशीखाली ठेवला. मग काम आपोआप काकूंकडे गेलं. त्या घरात जे काम असली व्हायचं असतं ते नेहमी काकूंकडेच जातं. त्यांनी मैद्यात बारीक रवा घालून शंकरपाळ्यासारखं घट्ट पीठ मळलं, तासभर झाकून ठेवलं आणि पारदर्शक दिसेपर्यंत लाटलं. नातीनं भीतभीत सांगितलं, बोलोन्यात यात अंडं घालतात. खालच्या स्वयंपाकघरात अंडं हा शब्दसुद्धा चालत नाही.

"ते उत्तरेतले," काका ताबडतोब म्हणाले. "दक्षिणेत रवा आणि पाणी." कधी गेले होते हे इटलीला? पण फोननं पुन्हा दगा दिला. दक्षिण इटलीत खरंच रवा आणि पाणी.

पांढऱ्या पेजेला बेशामेल म्हणतात, चौदाव्या लुईच्या एका कारभाऱ्याच्या नावावरून. काकांनी ती स्वतः करायला घेतली, कारण कारभाऱ्याचं नाव लागलं म्हणजे काम बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचं, अर्थात काकांचं. पाच मिनिटांत गोट्यांएवढ्या गुठळ्या झाल्या. काकूंनी पातेलं ओढलं, नव्यानं पन्नास ग्रॅम लोण्यात तेवढाच मैदा खमंग होऊ न देता भाजला, अर्धा लिटर दूध थोडं थोडं सोडत सारखं ढवळलं. एक गुठळी नाही. ज्या बाईनं जन्मभर पिठलं ढवळलंय तिला फ्रान्सच्या राजवाड्यात नोकरी मिळायला हरकत नव्हती. "हे पांढरं पिठलंच की," त्या म्हणाल्या आणि मिरपूड टाकून मोकळ्या झाल्या.

राहिली भट्टी. माळ्यावर ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. त्याची कॉइल ट्रूप बाजारातही मिळेना. "म्हणजे ओव्हन असली नाही," काका म्हणाले. सिद्धांत लागू पडला. मग बेकरी. पूर्वी दिवाळीत गल्लीतले लोक नानखटाईचे पत्रे घेऊन तिथं रांगेत उभे राहत. आता तिथली भट्टी विजेची, आणि मालक खिम्याचं नाव ऐकून मागच्या खोलीत गेला.

"दम देऊ," काका म्हणाले, आणि इतक्या शांतपणे म्हणाले की पहिल्यापासून त्यांच्या मनात तेच होतं हे आम्हाला कळलं. लाल ठिपक्याचं पातेलं, तळाला तूप, पट्टी, खिमा, पांढरं पिठलं, चीज, पुन्हा पट्टी. सहा थर. झाकण, कडेला कणकेची वळी दाबून बंद. खाली निखारे, वर निखारे. "वर विस्तव, खाली विस्तव. ओव्हन म्हणजे आणिक काय असतं?"

सील केलेल्या पातेल्याची गंमत अशी की आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, त्यामुळे माहितगार माणसाचा रुबाब फार वाढतो. काका दर दहा मिनिटांनी झाकणाला कान लावत. "अजून बोलायलंय ते." पाऊण तासानं ते बोलायचं थांबलं, किंवा काकांना भूक लागली.

झाकण फोडलं. वास उत्तम. पण वरचा थर पांढराफटक आणि ओला, वाफेत भिजून मऊ पडलेला. चित्रात वर तांबूस खरपूस साय होती, तिचा पत्ता नाही. नात काही बोलली नाही, आणि तेच वाईट. काकूंनी जिन्यातून वाकून पाहिलं. "चकोल्या," त्या म्हणाल्या.

काकांनी कडेनं कालथा फिरवला. तळाशी खर्र आवाज आला. खरवड! त्यांनी परात मागवली, पातेल्यावर पालथी घातली, दोन्ही हातांत फडकी घेतली आणि कुणी नको म्हणायच्या आत सगळं उलटं केलं. पातेलं वर उचललं तर परातीत तळाचा थर माथ्यावर आलेला, सबंध, तांबूस, कडेला काळपट कुरकुरीत.

"असली लझानिया उलटाच करतात," काका म्हणाले.

नातीनं या वेळी फोन फक्त फोटो काढायला उघडला.

दोनदा घेऊनही अर्धी परात उरली. काकूंनी खाली स्वतःसाठी उरलेल्या पट्ट्यांची वरणफळं केली होती, वर साजूक तूप. काकांनी त्यातलीही दोन वाट्या खाल्ली, मात्र त्यावर मत दिलं नाही.

रात्री डबा भरून काका नातीला मेट्रोपर्यंत सोडायला निघाले, म्हणजे दारापर्यंत. मी पिशवी धरून मागे. तपासणीच्या यंत्रातून डबा बाहेर आला आणि शिपायानं तो उचलून वास घेतला.

"क्या है चाचा इसमें?"

काकांनी तोंड उघडलं. लझानिया म्हणावं तर हा लसूण समजणार. चकोल्या म्हणावं तर काकू जिंकणार.

"बिर्याणी," काका म्हणाले.

शिपायानं झाकण किलकिलं केलं. "टमाटे की?" त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "टमाटे की बिर्याणी? कहाँ की है ये?"

काकांनी वर सुलतान बाजारच्या पाटीकडे पाहिलं. मग डबा नातीच्या हातात दिला.

"सिकंदराबाद की."