दुरुस्ती डाउनलोड व्हायलीय

नवी वस्तू घरात आली की पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू वाहायचं, ही आपली रीत. प्लेस्टेशनच्या गेमची पहिल्या दिवशी दुरुस्ती करतात. गेम बिघडलेला असतो असं नाही. तो पुरता झालेलाच नसतो. डिस्क छापायला गेली तरी कंपनीत काम चालूच राहतं, आणि ती दुकानात पोचेपर्यंत ज्या चुका सापडतात त्यांची दुरुस्ती मागाहून इंटरनेटवरून येते. याला म्हणायचं डे वन पॅच.

पुण्या-मुंबईत हा पॅच चहा होईस्तोवर उतरत असेल. परतुरात आमचा भाचा तो मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवतो. दिवसाला दीड जीबी धरला तर पंचेचाळीस जीबीला बरोबर एक महिना लागतो, तोही घरात कुणी रील्स बघितले नाहीत तर. रात्री बाराला नवा डेटा मिळतो म्हणून हा बारापर्यंत जागा, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी डीपी उडते. "झालं का रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "व्हायलंय ना मामा, कामून गडबड करायलेत?" फायबरचा विषय काढावा तर त्याची आई निकालाचा विषय काढते.

आमच्या वेळी टीव्हीच्या गेमला कॅसेट असायची. तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं, आणि आत तेच ते पाच-पंचवीस गेम नावं बदलून. ती चालली नाही तर फुंकर मारायची. दुरुस्तीचं शास्त्र तिथंच संपायचं. चुका मात्र चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या, त्यामुळे त्या सगळ्यांच्या घरी सारख्याच. १९८५च्या सुपर मारिओत पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी भिंतीतून नेमकं घुसता आलं, तर मारिओ 'वर्ल्ड -१' नावाच्या पाण्याखालच्या जागी जातो आणि कितीही पोहला तरी पुन्हा तिथंच येतो. पॅकमॅनचा २५६वा टप्पा तर पारच करता येत नाही : आतल्या मोजणीला २५५च्या पुढचा आकडा मांडता येत नाही, आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्यानं भरून जातो. अशी एखादी चूक ठाऊक असलेल्या पोराला गल्लीत मान होता. आज एखादी गंमतशीर चूक सापडली, की गावभर सांगून होण्याच्या आत ती बुजवलेली असते.

सगळ्या चुका बुजवण्याच्या लायकीच्या असतात असंही नाही. १९९१च्या स्ट्रीट फायटर २मध्ये एका फटक्याला जोडून लगेच दुसरा मारता येत होता. बनवणाऱ्यांनी ते ठरवून केलेलं नव्हतं. लक्षात आल्यावर त्यांनी ते तसंच राहू दिलं. मारामारीच्या गेममधले आजचे सगळे कॉम्बो त्या हलगर्जीपणाची लेकरं आहेत.

पण म्हणून जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. २०१२ साली फेझ नावाचा एक गोड गेम एक्सबॉक्सवर आला. त्याच्या पहिल्याच पॅचनं थोड्या लोकांची साठवलेली प्रगती खराब केली. तो पॅच पुन्हा दुरुस्त करायचा, तर तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टला हजारो डॉलर फी द्यावी लागणार होती. बनवणाऱ्यांनी सरळ सांगून टाकलं, परवडत नाही. चुकीचा पॅच तसाच राहिला. पुढच्या वर्षी ती फी रद्द झाली.

फी गेली, तसा धाकही गेला. २०१५मधल्या टोनी हॉक्स प्रो स्केटर ५च्या डिस्कवर साडेचार जीबीच्या आसपास मजकूर होता आणि पहिल्या दिवसाचा पॅच साडेसात जीबीच्या पुढे. कापडापेक्षा ठिगळ मोठं. ते लावलं नाही तर शिकवणीचा भाग आणि मैदान बांधायची सोय, एवढंच हाती. परतुरातल्या माणसानं पूर्ण पैसे मोजून महिनाभर शिकवणीच करायची की काय? सायबरपंक २०७७ तर डिसेंबर २०२०मध्ये जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळत आला, की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढूनच टाकला. तो परत यायला जून २०२१ उजाडला. आज लोक त्याची तारीफ करतात आणि ती खरीही आहे. पण आधी पैसे देऊन त्याची परीक्षा ज्यांनी घेतली, त्यांना कुणी मानधन दिल्याचं ऐकिवात नाही.

मला सगळ्यात खटकतो तो निमूटपणे काहीतरी काढून नेणारा पॅच. जीटीए ४मधल्या गाण्यांचे करार दहा वर्षांचे होते. एप्रिल २०१८मध्ये एक अपडेट आला आणि गाडीतल्या रेडिओवरची पन्नासहून जास्त गाणी गेली. डिस्क तीच, कपाटही तेच. परतूरकरांना हे नवं नाही म्हणा. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, तेव्हा आमचा तालुका परभणीतून उचलून जालन्यात घातला. घर इंचभर हललं नाही, पत्ता बदलला. जुन्या दाखल्यांवर अजून 'जि. परभणी' आहे, आणि कार्यालयात नवा कारकून आला की त्याला सगळा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागतो. निदान ते राजपत्रात छापून झालं होतं. गेमच्या बाबतीत मात्र ज्यानं डिस्क घेऊन कन्सोल कधी नेटला जोडलाच नाही, त्याची सगळी गाणी शाबूत आहेत. ढिल्या नेटवर्कचा एवढा फायदा आजवर कुणी मान्य केलेला नाही, म्हणून इथं नोंदवतो.

माझा सल्ला असा की गेम दीड-दोन वर्षं शिळा करून घ्यावा. विचर ३ मे २०१५मध्ये आला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याची जोडभागांसह पूर्ण आवृत्ती निघाली. तोवरचा गोंधळ बाकीच्यांनी सोसलेला असतो, वर किंमतही उतरते. हे मी भाच्याला नीट समजावून सांगितलं.

"मामा, तवर माझी बारावी व्हईल."

त्याच्या आईला मात्र हा हिशेब फारच पटला आहे.