बरे!

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यात, मराठी शाळा आहे त्या गावी, एक सर हमखास भेटतात. खिशाला दोन पेन. निळा वर्षभर पुरतो, लाल आठवड्यात संपतो. लग्नपत्रिका हाती आली की हे आधी 'शुभाशीर्वाद'चे दीर्घ तपासतात, मग लग्न कोणाचं ते बघतात. सारं गाव 'बरं' म्हणतं, हे एकटे 'बरे' म्हणतात.

आमच्या गावचे सर त्यातलेच. अशा माणसाला कुठल्याशा प्रशिक्षणात मुक्तलेखनाचं खूळ लागावं, म्हणजे सोवळ्यातल्या आजीनं टपरीवर भजी तळायला घेण्यासारखंच!

दुखणं मात्र खरं होतं. पोरं घरात एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी, चौकात दखनी. दहावीला मराठी प्रथम भाषा, १२५ गुणांची. म्हणून निबंध गाईडातून पाठ. 'मी पंतप्रधान झालो तर' या विषयावर अख्खा वर्ग एकाच वेळी, एकाच स्वल्पविरामासकट पंतप्रधान व्हायचा.

त्यावर सरांना औषध सापडलं ते अमेरिकेतल्या पीटर एल्बो या प्राध्यापकाच्या १९७३ सालच्या पुस्तकात. घड्याळ लावायचं आणि दहा मिनिटं लिहीत सुटायचं. थांबायचं नाही, खोडायचं नाही, मागं वळून वाचायचं नाही. सुचेना झालं तर 'सुचेना' असंच लिहायचं. गुण नाहीत, लाल रेघ नाही. कारण साधं : सुचवणारा आणि तपासणारा दोघं एकाच वेळी डोक्यात शिरले, की तपासणारा दार अडवून बसतो. आधी एकाला मोकळं सोडायचं, दुसऱ्याला नंतर बोलवायचं. पुस्तकाचं नाव 'रायटिंग विदाउट टीचर्स'. मुख्याध्यापकांनी मुखपृष्ठ वाचलं आणि विचारलं, "शिक्षकाशिवाय लिहायचं, तर मग तुमचा पगार कशाचा?"

पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं आणि सवयीनं म्हणाले, "बरे!" कन्नडात 'बरे' म्हणजे 'लिही'. त्यामुळे अर्ध्या वर्गाला ती परवानगी वाटली, अर्ध्याला आज्ञा. पण पेन सगळ्यांचेच चालू झाले.

एकानं दीड पान नुसतं 'काय लिहू काय लिहू' लिहिलं. मग एकदम खाली : 'म्हैस विकली. अव्वा रडली. अण्णा म्हणाला अळबेड. मग तोबी रडला.' अळबेड म्हणजे रडू नको. वही वाचताना सरांचा हात लाल पेनाकडं गेला, अर्ध्यावर थांबला आणि टक्कल खाजवून परत आला. संध्याकाळी पारावर मला म्हणाले, "मोजल्या हो चुका. पण खूण एकही केली नाही." जन्मभराचा उपास सोडल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

मग चटकच लागली. इतिहासाचा धडा संपला की पाच मिनिटं : काय कळलं, काय नाही, जसं येईल तसं. बहमनी वजीर महमूद गवानचा बिदरचा मदरसा पाहून आल्यावर हाच प्रयोग केला. '१४७२ साली बांधला' एवढं सगळ्यांनी लिहिलं. गवानचा शेवट मात्र एकीलाच नेमका भिडला. वैऱ्यांनी त्याचा शिक्का एका कोऱ्या कागदावर मिळवला, त्यावर फितुरीचं पत्र लिहिलं आणि १४८१ साली सुलतानानं त्याला मारलं, असं सांगतात. पोरीनं शेवटी लिहिलं होतं : 'कागद कोरा सोडला की जीव जातो. म्हणून मी सोडत नाही.' गाईडात हे वाक्य मिळायचं नाही.

नियम मोडणाऱ्याला दंड सरांनीच ठरवला होता : ज्याचा पेन थांबेल, त्यानं शनिवारी वर्गाला भाजक्या शेंगा आणायच्या. एक दिवस मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुम्हीबी लिवा की."

सर बसले. बाही सरसावली. गजराला किल्ली दिली. बरे!

पहिली ओळ झोकात गेली. दुसऱ्या ओळीत 'स्फूर्ती' आला. पेन टेकलेला, पण हलेना. ह्रस्व का दीर्घ? उत्तर त्यांना झोपेतही ठाऊक; पण एकदा खात्री करायला मान मागं वळली, आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "थांबले, सर थांबले!"

सर आजही लिहायला बसतात, दर आठवड्याला, वर्गासोबत, नेमानं. दंडाच्या वहीत आजवर एकच नाव आहे, आणि शनिवारी शाळा सुटताना पोरांचे खिसे शेंगांनी फुगलेले असतात.