पुस्तकांवरची बारा पुस्तकं वर्षभरात कशी वाचावीत

संकल्प सोडण्याआधी या प्रकाराची खरी सोय समजून घ्या: इथे मूळ पुस्तक वाचावं लागत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी वाचलेलं असतं. कुठल्या फुटपाथवर, किती घासाघीस करून मिळालं तेही त्याने सांगितलेलं असतं. आपण मान डोलवायची. कपाटातली जाडजूड कादंबरी टाळण्याचा यापेक्षा प्रतिष्ठित मार्ग अजून निघालेला नाही.

जानेवारीत सतीश काळसेकरांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ घ्या. तिला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, त्यामुळे वाचलेल्याच्या नोंदी ठेवणं हे रिकामटेकडेपण नव्हे, असं घरात पुराव्यानिशी सांगता येतं. एक नवी वहीही आणा आणि पहिल्या पानावर वळणदार अक्षरात तारीख घाला. बहुतेकांची रोजनिशी इथेच पूर्ण होते.

फेब्रुवारीत नीतीन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’. वाचताना पेन्सिल हाताशी ठेवू नका. यात पुस्तकवेड्यांची आणि पुस्तकांवरच्या पुस्तकांची इतकी नावं भेटतात, की एक पुस्तक संपवून उठावं तर यादी दुपटीने वाढलेली. काहीजण उरलेलं वर्ष ही यादी करण्यातच घालवतात. त्यात गैर काही नाही.

मार्चअखेरीची धावपळ असते, म्हणून ‘84, चेरिंग क्रॉस रोड’. छोटंसं आहे. न्यूयॉर्कची हेलेन हॅन्फ 1949 मध्ये लंडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाला पत्र लिहिते आणि हा पत्रव्यवहार जवळजवळ वीस वर्षं चालतो. तिकडे युद्धानंतरही रेशनिंग सुरू, म्हणून ती दुकानातल्या माणसांना मांस आणि अंडी पाठवते. ते तिला जुन्या आवृत्त्या पाठवतात. दुकानात जायचं मात्र राहतच जातं, आणि तिला पत्रं लिहिणारे फ्रँक डोएल 1968 मध्ये वारतात. रुमाल जवळ असू द्या. वाचून झाल्यावर आपल्यालाही एखाद्या विक्रेत्याशी असं नातं जोडावंसं वाटेल. ते जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जोडायला जाऊ नका. तुम्ही काउंटरवर हळुवारपणे ‘जरा जुनं काही...’ म्हणेपर्यंत मागून तीन पालकांचे हात तुमच्या खांद्यावरून पुढे आलेले असतात आणि आतून आवाज येतो, ‘कितवी? सेमी का मराठी?’

पावसाळ्यात उंबेर्तो एकोचं ‘द नेम ऑफ द रोज’. मठ, ग्रंथालय, खून. बोट जिभेला लावून पानं उलटण्याची सवय असेल तर आधीच सोडा. का, ते शेवटी कळेल.

1605 सालचं ‘डॉन किहोते’ दिवाळीच्या साफसफाईआधी संपवा. त्यात वाचून वाचून डोकं फिरलेल्या नायकाची पुस्तकं गावचा पाद्री आणि न्हावी एकेक तपासून जाळायला काढतात, आणि मग त्याची ग्रंथांची खोलीच भिंत घालून बुजवतात. हे प्रकरण घरच्यांच्या नजरेला पडता कामा नये. (फार जाड वाटलं तर त्याच्याविषयी लिहिलेलं काहीतरी वाचा. संकल्पाच्या दृष्टीने तर तेच जास्त नियमाला धरून.)

डिसेंबरात आकडा कमी पडतोच. अशा वेळी जुनं ग्रंथालय गाठून शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागा. पहिल्या खंडात 1800 ते 1937 या काळातली मराठी पुस्तकं नोंदवलेली आहेत, म्हणजे पुस्तकांविषयीचं याहून शुद्ध पुस्तक मिळणार नाही. कुठलंही पान उघडा, वाचा, वहीत टिक करा. किती पानं वाचायची हे नियमात नाही. ग्रंथपाल येऊन ‘नेमकं कोणतं पुस्तक हवंय?’ असं विचारतील. त्यातलं कोणतंच नकोय, हे त्यांना सांगू नका.